लॅपटॉपखालचा अडकित्ता

२ नोव्हेंबर, रविवार

चर्चहून आलो. उपदेश पंचेचाळीस मिनिटांचा, त्यात धड असं एकही वाक्य नाही. असो.

सत्कारात मिळालेला लॅपटॉप टेबलावर पडून आहे. राहुरीच्या शाळेतल्या माझ्या नव्वद सालच्या दहावीच्या वर्गानं दिला. चौतीस वर्षं मराठी शिकवलं आणि शेवटी हातात आलं काय, तर बिजागरीचं ताट. पण पोरांनी एक काम बरं केलंय. माझ्याकडच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतली कवितांची पानं फोटो काढून त्यात भरली आहेत. दीडशेच्या वर पानं. काही पानांवर शाईचे डाग आहेत, एका पानावर कुणीतरी दाबून ठेवलेल्या पिंपळपानाची जाळीसुद्धा उमटलीये. ती बघताना वर्गाचा वास येतो. ओल्या फडक्यानं पुसलेल्या फळ्याचा वास. आजकालच्या मुलांना तो माहीत नाही. त्यांना फक्त पिझ्झाचा वास कळतो.

हैदराबादच्या मराठी मंडळानं १५ तारखेला व्याख्यान ठेवलंय: ‘वर्गात चालीवर म्हटलेल्या कविता’. विमानाचं तिकीटही पाठवलंय, शिर्डीकडच्या विमानतळावरून. पानं पडद्यावर दाखवायची, म्हणून ताट बरोबर न्यायचं.

दुपारी हेलन आली. माझी एकुलती एक. त्याच विमानतळावर सुरक्षा दलात आहे. प्रवाशांच्या बॅगा ज्या यंत्रातून जातात, त्याच्या पडद्यासमोर बसते. जेवताना म्हणाली, “पप्पा, माझं नाव पाठवलंय. मशीनवर बसणाऱ्या नव्या पोरांना शिकवायचं, त्याच्या कोर्ससाठी. डिसेंबरात निवड. रेकॉर्ड स्वच्छ असलं की झालं.”

“शिकवणार काय? ट्रे सरकवायला?” मी म्हणालो.

ती हसली. मग “भाजीत मीठ कमी आहे” म्हणत आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली. मीठ बरोबर होतं.

सहा वर्षांची असताना ही मुलगी माझ्या आठवीच्या वर्गात बाकावर उभी राहून अठ्ठावीस ओळींची कविता म्हणायची, एका श्वासाला दोन ओळी. साठ टगी पोरं गप्प बसायची. मी तेव्हा मनात पाटी रंगवली होती: प्रा. हेलन कृपादान उजागरे. आता तीच मुलगी दिवसातून हजारदा एक वाक्य म्हणते: “लॅपटॉप बाहेर काढा.” ना छंद, ना यमक.

५ नोव्हेंबर, बुधवार

हेलननं मोबाईलवर यादी पाठवली. मी सवयीनं मोठ्यानं वाचून काढली. काय न्यायचं, काय नाही. पाण्याची बाटली रिकामी. पट्टा काढून ठेवायचा. लॅपटॉप वरच्या वर, हाताशी. आणि शेवटी: “पप्पा, अडकित्ता हातातल्या बॅगेत चालणार नाही. मोठ्या बॅगेत टाका, नाहीतर घरी ठेवा.”

घरी ठेवा! माझ्या वडिलांचा पितळी अडकित्ता. त्यांनी कर्जतला असताना घेतला होता, तेव्हापासून घरातली सुपारी त्यानंच कातरली जाते. बाजारातली तयार सुपारी म्हणजे सुतारानं झाडून टाकलेला भुसा. आणि मोठी बॅग म्हणजे त्यांच्या ताब्यात द्यायची, ते ती फेकणार, आपण परगावी जाऊन पट्ट्यावर फिरणाऱ्या शंभर बॅगांत आपली ओळखत बसायचं. मी नाही देत कुणाच्या ताब्यात काही.

९ नोव्हेंबर, रविवार

हेलनला सुट्टी होती. मी मुद्दाम विचारलं, “तो लॅपटॉप वेगळा काढायचं नाटक कशासाठी? एवढं यंत्र आहे, त्याला पिशवीतला डबा दिसत नाही?”

तिला फार आनंद झाला. खुर्ची पुढे ओढून बसली. कितीतरी वर्षांनी मी तिच्या कामाचं विचारलं, असं काहीतरी म्हणाली. मग वहीच्या पानावर चौकोन काढून सांगायला लागली.

“हे बघा पप्पा, यात बॅटरी, तारा, धातू, सगळं दाटीनं असतं. मशीनवर हा नुसता गडद ठोकळा दिसतो. त्याच्या खाली काही ठेवलं तर चित्र एकात एक मिसळतं. म्हणून तो वेगळ्या ट्रेमध्ये, एकटा. कळलं?”

“कळलं,” मी म्हणालो.

“नव्या पोरांना मी असंच सांगते. आधी पाटीवर एकच आकृती. मग दुसरी तिच्यावर. एकदम सगळं दाखवलं की गोंधळतात.” तिनं पान टरकावून चुरगाळलं. “हे बाहेर कुणाला सांगू नका हं. तसं सगळ्यांना ठाऊक असतं, पण माझ्या तोंडून गेलेलं नको.”

समजावते बरी. पण समजावण्यासारखं काही असावं लागतं ना! पुढे चहा घेता घेता ती त्या कोर्सचं पुन्हा काहीतरी सांगत होती. माझं लक्ष नव्हतं. मी अडकित्त्याचा विचार करत होतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आजचा दिवस सत्कारणी लागला.

मी बोर्डाच्या परीक्षेचा एकवीस वर्षं नियामक होतो. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे माझ्याकडून जायचे. पद्धत ठरलेली: मांजरपाटात गठ्ठा गुंडाळायचा, दाभणानं सुतळीची शिवण घालायची, गाठीगाठीवर लाख ओतायची, लाखेवर शिक्का. एकदा शिक्का बसला की वाटेत तहसीलदार येवो की फौजदार, बोट लावायची कुणाची छाती नव्हती. एसटीत कंडक्टर स्वतःची जागा द्यायचा गठ्ठ्याला. मला नाही, गठ्ठ्याला. तो मान होता.

सकाळी नियाज शिंप्याकडून वावभर मांजरपाट आणलं. नियाज म्हणाला, “सर, चेनवाली बॅग मिळते की हो लॅपटॉपची. दोन मिनिटांत उघडते.”

“तेच तर नकोय,” मी म्हणालो. “जी वस्तू दोन मिनिटांत उघडते तिची किंमत काय?”

“आन विमानतळावर उघडायला लावलं तर?”

“ते आम्ही बघू.”

दुपारी फरशीवर बसून गठ्ठा शिवला. हात अजून चालतो. बायडाबाई भांडी घासायला आली, ती दारातच थबकली.

“मास्तर, त्या डब्याला कफन कशापायी शिवता?”

“लॅपटॉप आहे तो.”

“आसंल. पन मेल्यावानी बांधलाय की वो! आन ह्ये काय, आडकित्ता बी आतच घातला? ताईनं न्हाई म्हनलं हुतं न्हवं?”

या बाईचे कान भिंतीला असतात. मी म्हणालो, “तुझी भांडी बघ.”

“मला काय करायचंय. पन ताई लई सरळ हाय. तिच्या जिवाला घोर लावू नगा.”

अडाणी बाई. तिला यंत्र म्हणजे काय ते ठाऊक नाही. मला आहे. अडकित्ता बरोबर लॅपटॉपच्या पोटाखाली बसवलाय. वर दाट ठोकळा, खाली पितळ. शिवाय सील. आणि पडद्यासमोर स्वतः हेलन. ती दहा ते सहा मशीनवर आहे, मी विचारून घेतलंय. वाकडं काही दिसलंच, तरी बापाचा अडकित्ता ती ओळखत नाही का? त्याच्या मुठीवरच्या पितळी पोपटाच्या चोचीशी ती लहानपणी खेळली आहे.

लाखेचा वास घरभर पसरला होता. किती वर्षांनी! मार्च महिना, खिडकीशी गठ्ठे, आणि बाहेर हेलनची आई, मरिया, ओरडतेय, जेवायला या. ती गेल्यापासून त्या हाकेनं कुणी जेवायला बोलावलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळ

हैदराबादला नाही. सावेडीत, घरी आहे.

सगळं क्रमानं लिहितो.

तिथली रांग बघून आधी हसूच आलं. भलेभले लोक कमरेचे पट्टे सोडून एका हातानं विजार धरून उभे. एक गृहस्थ सोन्याची साखळी उतरवत होते, ती गळ्यात असण्यापेक्षा ट्रेमध्ये जास्त शोभत होती. प्रत्येकाला तेच वाक्य ऐकवलं जात होतं आणि तरी प्रत्येकाचा लॅपटॉप बॅगेच्या तळाशी. असल्या विद्यार्थ्यांना मी नववीतून पुढे सोडलं नसतं.

ट्रेपाशी एक जवान होता. छातीवरच्या पाटीवर रिझवान. बोलण्यावरून कर्जतकडचा वाटला, वडील होते तिथलाच. नम्र वाटला. “काका, गठ्ठ्यात काय?”

“लॅपटॉप.”

“बाहेर काढा.”

“सीलबंद आहे.”

त्यानं लाखेवरून बोट फिरवलं. “हे कुणाचं सील?”

“माझं.”

मागचे लोक हसले. “काका, सील कुणाचं का असंना, काढावाच लागंल,” तो म्हणाला. मी सांगितलं, पलीकडे पडद्यासमोर माझी मुलगी बसली आहे, तिला विचारा. आणि गठ्ठा स्वतःच पट्ट्यावर ठेवला. तो “ओ काका” म्हणेपर्यंत गठ्ठा आत.

पट्टा थांबला.

हेलन पडद्याकडे बघत होती. मी पलीकडून मान हलवली, जाऊ दे अशी. तिनं माझ्याकडे बघितलं. पुन्हा पडद्याकडे. मग ती खुर्चीवरून उठली. स्वच्छ, खड्या आवाजात म्हणाली, “सर, या प्रवाशाची बॅग मी तपासू शकत नाही. ते माझे वडील आहेत. माझ्या जागी दुसरं कुणी बसवा. लॅपटॉप वेगळा काढलेला नाही आणि त्याच्याखाली काहीतरी आहे. उघडून बघावी लागेल.”

आणि दोन पावलं मागे जाऊन भिंतीशी उभी राहिली. हात मागे. बापाला परका करून मोकळी झाली! साठ पोरांसमोर न डगमगणारी मुलगी एका साध्या प्रसंगाला पाठ दाखवते, हे मला अपेक्षित नव्हतं.

रिझवाननं शिवण उसवली. लाखेचे तुकडे फरशीवर उडाले. अडकित्ता बाहेर आला. त्यांचे वरिष्ठ साहेब तो हातात घेऊन उलटासुलटा करत म्हणाले, “सर, हा लपवून का आणलात?”

लपवून! मी, कृपादान उजागरे, लपवून! माझा पारा चढला. मी म्हणालो, “लपवायला मी काय चोर आहे? तुमच्या यंत्रालाच लॅपटॉपखालचं दिसत नाही, त्याला मी काय करू?”

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी म्हणजे? हेलननं. आकृती काढून समजावून दिलंय. तुमच्या सगळ्यांपेक्षा हुशार आहे ती!”

मी तिची स्तुतीच केली होती. रांगेतला कुणीतरी खोकला. रिझवान लाखेचे तुकडे उचलायला खाली वाकला तो वर बघेचना. साहेबांनी हेलनकडे बघितलं, म्हणाले, “सांगितलं होतंत?”

“हो सर,” ती म्हणाली.

नंतर एका खोलीत दोन तास. नाव, गाव, कशासाठी, कुणाबरोबर. तेवढ्यात विमान गेलं. मंडळाला फोन केला, तर तिकडचा सचिव म्हणाला, “काही हरकत नाही सर, आम्ही गाण्यांचा कार्यक्रम ठेवतो.” काही हरकत नाही म्हणे.

हेलन परत दिसली नाही. अडकित्ता त्यांनी ठेवून घेतला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज व्याख्यान होतं. दहा वाजता आपोआप उभा राहिलो, मग बसलो.

बायडाबाईनं दोनदा झाडू मारला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हेलन आली. साध्या कपड्यांत. तिच्याकडून लेखी खुलासा घेतलाय, आता माझा जबाब हवाय. मला पुन्हा बोलावण्यापेक्षा लिहून सही करून दिला तर चालेल, असं साहेबांनी तिच्या हाती कळवलं. भला माणूस दिसतो, फक्त सोबत पाठवलेल्या अर्जावरचं मराठी भयंकर.

मी तयारच होतो. काल दिवसभर बसून सात पानं लिहिली होती. त्यात सुरुवातीला नियामकाच्या कामाची परंपरा, मग गठ्ठ्याचं पावित्र्य, मग पितृहृदय, आणि शेवटी स्पष्ट लिहिलं होतं की हेलननं मला कधीच काही सांगितलेलं नाही. ती माहिती मी एका मासिकात वाचली.

तिनं सातही पानं वाचली. उभ्यानं. शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

“हे काढा.”

“का? यानं तुझी सुटका होते.”

“मी लिहून दिलंय की मी सांगितलं. तुम्ही लिहिणार नाही सांगितलं. मग दोघांतलं खोटं कोण ठरणार?”

“बापासाठी एक वाक्य बदलता येत नाही तुला? शहाणी मोठी! एवढा खरेपणा आणला कुठून?”

ती कपाटातल्या पुस्तकांकडे बघत होती. मग खाली बसली, पेन घेतलं आणि माझ्या पानांवर, माझ्या अक्षरांवर, आडव्या रेघा मारायला लागली. परंपरा गेली. पावित्र्य गेलं. पितृहृदय गेलं. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्यांत मारलेल्या रेघा आणि या रेघा सारख्याच होत्या, सरळ आणि न थांबता. शेवटी तीन वाक्यं उरली. मी अडकित्ता लॅपटॉपखाली ठेवला. तो नेता येत नाही हे मला आधी सांगितलेलं होतं. लॅपटॉपखालचं दिसत नाही, हे मला माझ्या मुलीनं घरी बोलताना सांगितलं आणि बाहेर सांगू नका असंही सांगितलं.

“एवढंच?” मी म्हणालो.

“एवढंच झालं ना, पप्पा.”

सही केली. तिनं कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. दारात चप्पल घालताना म्हणाली, “कोर्सच्या यादीतून नाव काढलंय. मशीनवरून सहा महिने बाजूला. बाहेरच्या गेटवर ड्यूटी.” हे तिनं बायडाबाईला सांगावं तसं सांगितलं. म्हणजे खरं तर बायडाबाईलाच सांगितलं. ती भांडी घासायची थांबली होती.

“आगं माय,” बायडाबाई म्हणाली. “उन्हात हुबं ऱ्हायचं?”

“सावली आहे थोडी,” हेलन म्हणाली.

मी त्या वेळी लाखेचा उरलेला तुकडा फरशीवरून खरवडत होतो. निघत नव्हता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पाठ्यपुस्तकं चाळायला घेतली. एकही कविता धड लागेना. तिसरीच्या पुस्तकातल्या एका पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलंय, ‘हे मी मुलांना शिकवणार’. अक्षर हेलनचं, सात-आठ वर्षांची असतानाचं. एवढी वर्षं पुस्तक माझ्याकडेच होतं. मी कडा वाचत नसे.

पुस्तक मिटलं. दळणाला गेलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळच्या एसटीनं गेलो. राहुरी, कोल्हार, मग एक जीप, मग चालत. कुणाला सांगितलं नाही. माझ्याकडे तिकीट नव्हतं, कुठे जायचंही नव्हतं.

बाहेरच्या दारापाशी हेलन उभी. येणाऱ्याचं तिकीट बघायचं, ओळखपत्र बघायचं, तोंड बघायचं, सोडायचं. मी रांगेत उभा राहिलो. दुसरं कुठे उभं राहायचं ते कळेना. माझा नंबर आला.

“तिकीट?” ती म्हणाली. मग मान वर केली. “पप्पा!”

“नाही माझ्याकडे.”

“मग बाजूला व्हा. मागे लोक आहेत.”

बाजूला झालो. तिथे लोखंडी कठडा आहे, त्याला टेकून उभा राहिलो. सावली आहे म्हणाली होती, ती अकरापर्यंतच असते. नंतर ऊन थेट तिच्या तोंडावर येतं आणि तिला तिकिटावरची अक्षरं वाचायला हात डोळ्यांवर धरावा लागतो.

एक काळ्या चष्म्याचा माणूस आला. पासपोर्ट शोधता सापडेना, वर तोच तिला म्हणतो, “मॅडम, शिकल्यासवरल्या दिसता. दिवसभर एवढंच का काम तुम्हाला?” उद्धट! कोणत्या शाळेतला होता कोण जाणे, कुणी वळणच लावलेलं नाही. हेलन म्हणाली, “चष्मा काढा, सर. चेहरा बघायचाय.” त्यानं काढला. तिनं शांतपणे फोटो बघितला, चेहरा बघितला, “जा” म्हणाली. मला वाटलं होतं निदान एक कडक शब्द बोलेल. मी कठड्यापासून दोन पावलं पुढे गेलो होतो, ते तिनं बघितलं आणि हातानंच थांब म्हणून खुणावलं.

दोन वाजता तिला जेवायची सुट्टी झाली. डबा घेऊन कठड्यापाशी आली. दोघांनी भाकरी खाल्ली.

“तुझ्या जागी कुणाचं नाव गेलं?” मी विचारलं. “शिकवायच्या त्या कोर्सला.”

“रिझवान.”

“त्याला येतं?”

“येईल. गेल्या वर्षी मशीनवर बसायला त्याला मीच शिकवलंय.”

मी पाणी प्यायलो. मग विचारलं, आणि या वेळी खरंच ऐकायचं होतं म्हणून विचारलं, “त्या पडद्यावर दिसतं तरी कसं गं? रंग असतात? एकावर एक आलं तर तुम्ही ओळखता कसं?”

तिनं डब्याचं झाकण लावलं. रागावलेली दिसली नाही.

“ते आता तुम्हाला नाही सांगता येणार, पप्पा.”

बरोबर आहे. तिची वेळ झाली तशी ती दारापाशी गेली. मी चार वाजेपर्यंत थांबलो.